बटणं बडवू नका, रॉम वाचा: जुन्या गेममधले विसरलेले चीट कोड कसे शोधायचे

वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. काँट्रात ३० लाइफ देणारा हा कोड बोटांना अजून पाठ असलेली एक पिढी आहे. तो कुणीतरी बटणं बडवता बडवता शोधला असेल, असं पुष्कळांना वाटतं. त्याचा हिशोब करून बघा. आठ-बिट निन्टेंडोच्या रिमोटवर आठ बटणं असतात. दहा वेळा बटण दाबायचं तर क्रम होतात १०७ कोटींहून जास्त. सेकंदाला एक अख्खा क्रम मारला आणि जेवण-झोप सोडली, तरी सगळे संपवायला ३४ वर्षं लागतील.

म्हणून कोडचा उगम बघू. कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस हा पार्लरमधला गेम घरच्या मशीनवर आणत होते. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळणं भाग होतं, पण गेम त्यांनाच झेपेना. मग त्यांनी सगळी शस्त्रं एकदम देणारा, लक्षात ठेवायला सोपा असा एक क्रम घातला. बाजारात आलेल्या गेममध्येही तो तसाच राहिला आणि पुढे कोनामीच्या इतर गेममध्ये गेला. बहुतेक चीट कोडची जन्मकथा अशीच आहे. ते खेळणाऱ्यासाठी नसतात, तपासणाऱ्याची ती हत्यारं असतात. हत्यार म्हटलं की त्याचा क्रम गेमच्या आत कुठेतरी लिहिलेला असणारच, आणि लिहिलेलं वाचता येतं. गेम ज्या चिपमध्ये लिहिलेला असतो ती रॉम, आणि तिच्यातून काढलेल्या फाइललाही रॉमच म्हणतात.

पुढची कृती मुख्यतः आठ-बिट निन्टेंडोच्या गेमसाठी आहे. त्यातला प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, मेमरी अवघी २ केबी. शिकायला याहून सोपं मशीन मला माहीत नाही.

आधी: नेमकं काय शोधताय?

‘हिडन’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या गोष्टींत तीन वेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाची शोधायची रीत निराळी.

पहिला प्रकार म्हणजे मुद्दाम ठेवलेला कोड किंवा खोली. अटारी २६०० वरच्या ॲडव्हेंचरमध्ये वॉरन रॉबिनेट यांनी स्वतःचं नाव लिहिलेली खोली दडवली होती, कारण तेव्हा अटारी गेमवर प्रोग्रॅमरचं नाव देत नसे. खोलीत शिरायला करड्या भिंतीवरचा करडा ठिपका सापडावा लागतो. हा प्रकार कंपनीला कळला तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते, आणि नवी चिप बनवून घेण्यापेक्षा खोली राहू देणं स्वस्त होतं.

दुसरा प्रकार म्हणजे शिल्लक राहिलेला माल: न वापरलेली चित्रं, आवाज, अर्धवट लेव्हल. सोनिक २ मधला हिडन पॅलेस झोन १९९२ च्या कॅसेटमधून वगळला गेला आणि २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत पूर्ण करून परत आणला गेला. वगळलेल्या गोष्टी चिपमधून नेहमीच पुसल्या जात नाहीत. मधला डेटा उडवला की पुढचे पत्ते सरकतात, आणि पत्ते सरकले की सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. डेडलाइन तोंडावर असताना तेवढा वेळ कुणाकडे असतो? त्यापेक्षा तिकडे जायची वाट बंद करणं सोपं.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ बग. सुपर मारिओमधलं मायनस वर्ल्ड गुप्त लेव्हल नाही. १-२ या लेव्हलच्या शेवटी भिंतीतून चुकीच्या पद्धतीनं घुसलं की गेम ३६ क्रमांकाचं वर्ल्ड उघडतो. ३६ नंबरचं चित्र कोरं असल्यामुळे पडद्यावर नुसतं ‘-१’ दिसतं. मजेशीर आहे, पण तो कुणी लपवलेला नाही. नोंद करताना हा फरक पाळा.

कागद चाळा, पण विश्वास ठेवू नका

विसरलेले काही कोड एकेकाळी छापून आलेले असतात. इंटरनेट आर्काइव्हवर ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गेमिंग मासिकांचे स्कॅन आहेत, त्यांतली ‘टिप्स’ची पानं चाळण्यात एखादी दुपार घालवायला हरकत नाही. जपानी अंक विशेष बघा. एकाच गेमच्या जपानी आणि अमेरिकी आवृत्तीत कोड वेगळे असू शकतात.

पण मासिकं थापा मारत. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथलीनं एप्रिल १९९२ मध्ये स्ट्रीट फायटर २ मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त योद्धा आहे असं एप्रिल फूल म्हणून छापलं आणि जगभरच्या पोरांनी पैसे उडवले. जपानचं फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन तर खऱ्या क्लृप्त्यांत एखादी खोटी मुद्दाम मिसळून ‘ओळखा पाहू’ म्हणायचं. आपल्या पार्लरमधल्या अफवाही याच जातीच्या. ‘मुस्तफा’ म्हणून आपल्याकडे गाजलेला कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स घ्या. त्याच्याबद्दल कुणाच्या तरी मावसभावानं पाहिलेल्या गोष्टी आजही ऐकू येतात. ऐका, वहीत लिहा, आणि रॉममध्ये सापडेपर्यंत खरं मानू नका.

स्वच्छ प्रत मिळवा

आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशा मशीनवर चालणाऱ्या कॅसेट बहुतेक नकली असत. अनेक गेम कोंबलेल्या त्या कॅसेटच्या यादीत एकच काँट्रा चार नावांनी यायचा: एकात जास्त लाइफ, एकात थेट पुढची लेव्हल, एकात सुरुवातीलाच चांगली बंदूक. हे बदल कॅसेट बनवणाऱ्यांनी केलेले. त्यामुळे ‘लहानपणी आमच्या कॅसेटमध्ये असं होतं’ हा पुरावा होत नाही.

अस्सल कॅसेट असेल तर सानी कार्ट रीडरसारख्या खुल्या आराखड्याच्या उपकरणानं तिची प्रत काढता येते. जपानी कॅसेट ६० पिनच्या आणि अमेरिकी ७२ पिनच्या असतात, अडॅप्टर त्यानुसार घ्या. प्रत काढली की तिचा हॅश (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) नो-इंट्रोच्या, म्हणजे अस्सल प्रतींच्या हॅशची नोंद ठेवणाऱ्या गटाच्या, यादीशी जुळवा. इथे एक खाच आहे. निन्टेंडोच्या फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं शीर्षक जोडलेलं असतं, ते मूळ चिपमध्ये नसतं. ते धरून काढलेला हॅश आणि वगळून काढलेला हॅश वेगळे येतात, शिवाय फाइलमधले सगळे पत्ते १६ नं पुढे सरकतात.

कायद्याचं थोडक्यात: आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला बॅकअप काढायची आणि प्रोग्रॅम कसा चालतो हे निरखून अभ्यासायची मुभा देतं. रॉम दुसऱ्यांना वाटायची मुभा त्यात नाही. शोध जाहीर करताना हॅश आणि पत्ता द्या, फाइल नको.

इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणून मेसेन घ्या. त्याचा डीबगर (गेम मध्येच थांबवून आतलं काम दाखवणारं साधन) चांगला आहे आणि सुपर निन्टेंडो, गेमबॉयही त्यात चालतात. एफसीईयूएक्स जुना आहे, पण अजून कामाचा. पार्लरच्या गेमसाठी मेम, त्यातही डीबगर असतो.

सराव काँट्रावर

पहिल्यांदा ओळखीचा कोड मुद्दाम ‘शोधून’ काढा. उत्तर माहीत असलं की आपली पद्धत बरोबर चालली आहे का, ते कळतं. अमेरिकी काँट्रा (१९८८) उघडा, टायटल दिसलं की सेव्ह स्टेट (पुन्हा नेमकं तिथेच परतता येईल अशी त्या क्षणाची साठवण) घ्या.

रिमोटची बटणं प्रोसेसरला हेक्स (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत, नऊनंतर ए ते एफ) ४०१६ या पत्त्यावर मिळतात. एका वेळी एकच बटण, ठरलेल्या क्रमानं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. डीबगरमध्ये ४०१६ वर ‘रीड’ ब्रेकपॉइंट (तो पत्ता वाचताच गेम थांबवणारी खूण) लावा. गेम लगेच थांबेल आणि आठ वेळा फिरणारा छोटा लूप समोर येईल. वाचलेला प्रत्येक बिट तो एका बाइटमध्ये सरकवत असतो. त्या बाइटचा पत्ता टिपून घ्या आणि ब्रेकपॉइंट काढून टाका, नाहीतर गेम दर फ्रेमला थांबत राहील.

आता मेमरी व्ह्यूअरमध्ये तो बाइट बघत एकेक बटण दाबा. ए दाबलं की ८०, बी ४०, सिलेक्ट २०, स्टार्ट १०, वर ०८, खाली ०४, डावं ०२, उजवं ०१. जवळच सहसा दुसरा एक बाइट सापडतो, तो फक्त बटण दाबल्याच्या क्षणी बदलतो आणि लगेच शून्य होतो. आपल्या कामाचा तोच, कारण कोड तपासणाऱ्याला बटण किती वेळ धरलंय यात रस नसतो, ते नव्यानं दाबलंय का एवढंच त्याला हवं असतं.

या दुसऱ्या बाइटवर रीड ब्रेकपॉइंट लावा आणि टायटलवरच थांबून वर दाबा. बाइट कोण कोण वाचतंय ते एकेक करून तपासा. स्टार्ट आणि सिलेक्ट बघणारा मेनूचा भाग ओळखू येतो, त्याचं कारण समजतं. टायटलवर काहीच कारण नसताना दिशेची बटणं विचारणारा दुसरा वाचक भेटला, की तिथे थांबायचं. त्याच्या आसपास इंडेक्स घेऊन तुलना करणारी सीएमपी सूचना दिसेल, म्हणजे दाबलेलं बटण एका तक्त्यातल्या ‘कितव्या तरी’ बाइटशी ताडून पाहणारी. सूचनेतला पत्ता मेमरी व्ह्यूअरमध्ये उघडा:

०८ ०८ ०४ ०४ ०२ ०१ ०२ ०१ ४० ८०

वरची यादी लावून वाचा. वर, वर, खाली, खाली.

इथे थांबू नका. क्रम पूर्ण झाल्यावर गेम कुठेतरी एक खूण करून ठेवतो. ती खूण कोण वाचतं ते त्याच युक्तीनं शोधा. गेम सुरू होताना पहिल्या खेळाडूच्या लाइफ हेक्स ३२ या पत्त्यावर लिहिल्या जातात. खूण नसेल तर ०२, असेल तर १डी. हेक्स १डी म्हणजे २९, चालू लाइफ धरून ३०. कोडचा परिणाम आता अंदाजानं सांगावा लागत नाही, लिहिलेला दिसतो.

आडवाटेनं जायचं तर मेमरी सर्च वापरा. कोड तपासणाऱ्याला ‘आतापर्यंत किती बरोबर’ हा आकडा कुठेतरी ठेवावाच लागतो. बरोबर बटणावर एकनं वाढणारा आणि चुकीच्या बटणावर शून्यावर किंवा ठरलेल्या ‘बाद’ किमतीवर जाणारा बाइट गाळून काढा. अनोळखी गेममध्ये ही युक्ती फार उपयोगी. पहिलं बटण कोणतं ते आठ प्रयत्नांत कळतं, मग दुसरं आठांत, तिसरं आठांत. १०७ कोटींचं काम ८० प्रयत्नांवर येतं.

तिसरी वाट म्हणजे अख्ख्या रॉममध्ये छोट्या स्क्रिप्टनं शोध: सलग सहा किंवा जास्त बाइट, सगळे वरच्या आठ किमतींपैकीच. दोन गोष्टी सांभाळा. ८० ४० २० १० ०८ ०४ ०२ ०१ असा सरळ उतरता क्रम अनेक गेममध्ये असतो, तो बिट वेगळे करायचा साधा तक्ता, कोड नव्हे. आणि काही प्रोग्रॅमर बिट उलट्या बाजूनं सरकवतात, तेव्हा ए ०१ होतो आणि उजवं ८०. अशा गेममध्ये कोनामीचा क्रम १० १० २० २० ४० ८० ४० ८० ०२ ०१ असा दिसेल. सेगा मेगा ड्राइव्हवर आकडे निराळे: वर १, खाली २, डावं ४, उजवं ८. पहिल्या सोनिकचा लेव्हल सिलेक्ट (वर, खाली, डावं, उजवं, मग ए धरून स्टार्ट) तिथे सरावाला घ्या.

कधीच न वाचलेले बाइट

शिल्लक मालासाठी माझं आवडतं साधन म्हणजे कोड-डेटा लॉगर. गेम चालू असताना कोणता बाइट सूचना म्हणून चालला, कोणता डेटा म्हणून वाचला गेला, याची खूण हा लॉगर करत जातो. लॉगर लावा आणि गेम पूर्ण खेळा. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण: दोन खेळाडू, गेम ओव्हर, कंटिन्यू, पॉज, सगळे शेवट, शिवाय टायटलवर काही न करता बसलं की आपोआप चालणारा डेमोसुद्धा. यातलं काही सुटलं तर तो भाग उगाच ‘न वापरलेला’ दिसेल. नवशिक्यांनी मोठ्या उत्साहानं जाहीर केलेल्या शोधांतले बरेच याच कारणानं फुसके निघतात.

शेवटी ज्या पट्ट्यांवर खूण नाही, त्या बघा. सलग ००, सलग एफएफ म्हणजे रिकामी जागा, सोडून द्या. उरलेल्यात चित्र आहे का, हे वाय-वाय-सीएचआरसारख्या टाइल एडिटरमध्ये कळतं. सुरुवात सुपर मारिओवर करा. त्याची ८ केबी चित्रं वेगळ्या चिपमध्ये जशीच्या तशी आहेत. काँट्रात ही युक्ती चालत नाही, कारण त्याची चित्रं दाबून प्रोग्रॅमच्याच चिपमध्ये ठेवली आहेत. टाइल एडिटर तिथे नुसता कचरा दाखवतो आणि कचऱ्यात माणसाला चेहरे दिसू लागतात.

मजकूर शोधायला सापेक्ष शोध वापरा. जुन्या गेममध्ये ए या अक्षराची किंमत काहीही असू शकते, पण अक्षरांमधलं अंतर सहसा बदलत नाही. ‘स्टेज’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं घ्या: एस ते टी अधिक १, टी ते ए उणे १९, ए ते जी अधिक ६, जी ते ई उणे २. अंतरांची ही साखळी सापडली की अख्खा अक्षरतक्ता हाती लागतो, आणि मग कधीच पडद्यावर न आलेली वाक्यंही वाचता येतात.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तुलना करणंही विसरू नका. जपानी काँट्रात लेव्हलच्या मध्ये नकाशा आणि छोटे प्रसंग आहेत, अमेरिकीत नाहीत. असा फरक दिसला की कमी भरलेल्या आवृत्तीत काही अवशेष उरलेत का, ते बघायचं.

तपासणारा काय करेल?

इथून पुढे यंत्रापेक्षा डोकं जास्त लागतं. कोड कुठे असेल, हे तपासणाऱ्याच्या सोयीवरून ताडता येतं.

दुसरा रिमोट लोक विसरतात. सुपर पंच-आउट १९९४ मध्ये आला. त्यातला दोघांनी खेळायचा प्रकार उघड झाला २०२२ मध्ये, आणि त्याचं कुलूप दुसऱ्या रिमोटवरच्या बटणांत होतं. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये दुसरा रिमोट कुणी लावतच नाही, म्हणून तपासणाऱ्याला तो सुरक्षित. तुमच्या गेममध्ये ४०१७, म्हणजे दुसऱ्या रिमोटचा पत्ता, कोण वाचतंय ते जरूर पाहा.

साउंड टेस्टचा मेनू दिसला तर तारखा आठवा. सोनिक २ मध्ये १९, ६५, ०९, १७ हे आवाज वाजवले की लेव्हल सिलेक्ट उघडतो. १७ सप्टेंबर १९६५ ही प्रोग्रॅमर युजी नाका यांची जन्मतारीख. डीबगचे आकडे ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४, म्हणजे गेमच्या प्रकाशनाची तारीख, २४ नोव्हेंबर १९९२, उलटी लिहिलेली. आद्याक्षरंही तशीच. मॉर्टल कोम्बॅटच्या पार्लर-मशीनमध्ये प्रोग्रॅमर एड बून यांच्या आद्याक्षरांचा अख्खा मेनू होता. तो उघडायला दोन्ही खेळाडूंचं ब्लॉक बटण ठरावीक क्रमानं दाबावं लागतं, आणि ही गोष्ट बाहेर आली २०१६ मध्ये.

आणि कधी कधी रॉम बाजूला ठेवून नुसतं बघायचं. १९८७ च्या पंच-आउटमध्ये प्रेक्षकांत बसलेला एक दाढीवाला ठोसा कधी मारायचा ते मान हलवून सुचवतो. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि २९ वर्षं कुणी जाहीरपणे त्याच्याबद्दल बोललं नाही.

पीसीवर गंमत निराळी

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला डॉसवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवत असेल. त्याचा कोड गेममध्ये नाही, गेम सुरू करतानाच द्यायचा: ‘प्रिन्स’नंतर जागा सोडून ‘मेगाहिट’. नंतरच्या आवृत्तीत ‘इम्प्रूव्हड’. म्हणून डॉसच्या गेममध्ये आधी फाइलमधले वाचता येणारे शब्द बाहेर काढा. काहीच अर्थपूर्ण दिसलं नाही तर फाइल पीकेलाइट किंवा एलझेडईएक्सईनं दाबलेली असण्याची शक्यता आहे, ती आधी उघडावी लागेल. पुढचं वाचन घिद्रा या प्रोग्रॅम उलगडून दाखवणाऱ्या साधनात करा, फुकट आहे.

शब्द सापडलाच नाही तर? सायबर कॅफेत सॅन अँड्रियास खेळलेल्या प्रत्येकाला ‘हेसोयाम’ माहीत आहे: तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. हा शब्द बनवणाऱ्यांच्या मनात कधी नव्हताच. पीसी आवृत्तीत चीटचे शब्द साठवलेलेच नाहीत, त्यांचे सीआरसी आकडे आहेत. तुम्ही टाइप केलेल्या अक्षरांचा आकडा काढून गेम तो ताडतो, आणि वेगवेगळ्या अक्षरांचा आकडा एकच येऊ शकतो. मूळ शब्द होता ‘आयनीडसमहेल्प’. उत्साही मंडळींनी यंत्राकरवी अक्षरं जुळवत त्याच आकड्याचा जुळा शब्द काढला आणि तोच जगभर गेला. अशा गेममध्ये तक्ता शोधण्यात वेळ घालवू नका. आकडे काढून घ्या आणि लहान शब्दांपासून जुळवाजुळव सुरू करा.

सापडलं, आता पडताळा

इम्युलेटर बंद करून नव्यानं सुरू करा, बाइटमध्ये केलेले सगळे बदल काढून टाका, आणि कोड हातानं मारा. मग शक्य असेल तर खऱ्या मशीनवर. इम्युलेटरवर एकाच वेळी डावं-उजवं दाबता येतं, खऱ्या रिमोटवर सहसा नाही, आणि त्यावर अवलंबून असलेला ‘कोड’ बगच निघण्याची शक्यता जास्त.

नोंदीत हे सगळं हवं: गेमची नेमकी आवृत्ती आणि प्रदेश, हॅश, तक्त्याचा पत्ता (१६ बाइटचं शीर्षक धरून की वगळून तेही), कोणत्या पडद्यावर कोणती बटणं, परिणाम काय, आणि तो परिणाम ज्या बाइटमुळे होतो त्याचा पत्ता. ती द कटिंग रूम फ्लोअर या विकीवर द्या, पण आधी त्या गेमचं पान तिथे आहे का ते पाहा. मोठ्या नावांच्या गेमची पानं खचाखच भरलेली असतात. नवं काही मिळवायचं तर जपानबाहेर कधीच न आलेले, दुय्यम कंपन्यांचे गेम घ्या: माजाँग, घोड्यांच्या शर्यती, बेसबॉल. त्यांच्या टायटलवर ती दुसरी, कारण नसलेली बटण-चौकशी कुणी अजून तपासलेली नसण्याची शक्यता बरीच आहे.